एकशे सत्तेचाळिसावी ओळ

“ज्यांनी फोन उचलला न्हाई, त्यांचं काय लिहितीस?” आत्याबाईंनी विचारलं.

“काहीच नाही. तो रकाना रिकामा सोडायचा.”

“रिकामा सोडू नकोस बाई. रिकाम्यात काय होतं ते मागनं कुणालाच कळत न्हाई.”

मी हसले. “आत्याबाई, हे काही अंगणवाडीचं रजिस्टर नाही. कॉलेजचा सर्व्हे आहे. त्यांनी सांगितलंय तेवढंच भरायचं.”

 त्या परातीतलं पीठ पुन्हा मळायला लागल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर बार्शीत, आणि त्या तिथून सहा किलोमीटरवरच्या गावात सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका. शिक्षण दहावी. आणि मी एम.एस्सी., तेही संख्याशास्त्रात, पहिल्या वर्गात. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा राग जितका इतरांवर आहे त्याहून जास्त या पदवीवर आहे.

ओवी तेव्हा सात महिन्यांची होती. तिच्या जन्माआधी मी ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, ते सुटलं होतं. घरबसल्या काही मिळतंय का बघत होते तेव्हा ओळखीतून हे काम आलं. पुण्यातलं एक खासगी व्यवस्थापन महाविद्यालय. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तिथल्या ‘इन्फर्मेशन सिस्टीम्स’च्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोनशे चाळीस मुलामुलींना फोन करायचे. नोकरी कुठे, वर्षाचं पॅकेज किती, एवढं विचारायचं आणि पाठवलेल्या तक्त्यात भरायचं. फोनसाठी कॉलेजने एक सिमकार्ड दिलं होतं. भरलेल्या प्रत्येक ओळीमागे वीस रुपये. रिकाम्या ओळीचे शून्य.

आता विचार करा, वीस रुपये भरलेल्या ओळीचेच मिळणार असतील तर माणूस काय करतो. जो पहिल्या रिंगला उचलतो, मोकळेपणी बोलतो, त्याच्याशी बोलतो. ओवी झोपली की मी गॅलरीत बसून पटापट नंबर लावायची. मध्ये दोनदा आत जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास लागला की परत यायची. पहिल्या आठवड्यात साठ ओळी भरल्या. मुलं खूश असायची. साडेसहा लाख, आठ लाख, एक जण तर साडेअकरा. मी हरखून गेले होते. रात्री जेवताना घरात सांगायची, आज एकीने सांगितलं, पुण्यात स्वतःची गाडी घेतली म्हणून.

माझी नणंद तृप्ती हे सगळं ऐकत होती.

तृप्ती त्या वर्षी बी.एस्सी. झाली होती. डोक्याने तल्लख, बोलायला तिखट. लहानपणापासून तिने आईला सात रजिस्टरं लिहिताना पाहिलं होतं: वजनाचं, आहाराचं, लसीचं, गरोदर बायांचं, आणखी कसली कसली. एकच बाळ सात ठिकाणी. तृप्ती म्हणायची, मी अशी सिस्टीम बनवीन की आईला एकदाच लिहावं लागेल. तिच्यासाठी हा अभ्यासक्रम नुसता पगाराचा नव्हता. पण पगाराचा विश्वास तिला मी दिला. ते कॉलेज तिने माझ्या तोंडून ऐकलं, प्रवेश परीक्षा दिली, नंबर लागला. पंचवीस हजार भरून जागा धरून ठेवली.

एकूण खर्च वसतिगृहासकट नऊ लाख. त्यातलं साडेआठ लाख कर्ज. एवढ्या कर्जाला बँकेने तारण मागितलं. आत्याबाईंची गावाजवळ दोन गुंठे जागा होती, मानधनातून भिशी लावून लावून घेतलेली. निवृत्तीनंतर तिथे दोन खोल्या बांधायच्या असं त्यांच्या मनात होतं. आमचे हे म्हणाले, नोकरी लागली की जागा सोडवू, तुझ्या तक्त्यातलं सरासरी पॅकेजच सहा लाख चाळीस हजार आहे, म्हणजे महिन्याला पन्नासच्या वर. हप्ता बसणार होता अठरा हजार तीनशे, सात वर्षं. पन्नासातून अठरा गेले तरी बत्तीस उरतात. हे गणित मीच कागदावर मांडून दिलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सोमवारी बँकेत सह्या करायच्या ठरल्या. त्याच्या आधीच्या मंगळवारी कॉलेजचं माहितीपुस्तक टपालाने आलं. जाड गुळगुळीत कागद, वर तृप्तीचं नाव छापलेलं पत्र. ती नाचतच माझ्याकडे आली.

“वहिनी, बघा. तुमचं काम छापलंय यांनी.”

खरंच होतं. मधल्या पानावर मोठ्या अक्षरात सरासरी पॅकेज सहा लाख चाळीस हजार. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘९१ प्रतिसादांवर आधारित’. माझ्याच एक्क्याण्णव ओळी. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. मग मी पान उलटलं.

तिथे सहा मुलांचे फोटो होते. तिसरा फोटो एका सावळ्या, दाट केसांच्या मुलाचा. व्यासपीठावर कुणाच्या तरी हातून पत्र घेतोय, टाय थोडा वाकडा झालाय. खाली लिहिलं होतं: सुहास विभुते, पॅकेज सात लाख वीस हजार.

सुहास विभुते हे नाव मला पाठ होतं. एकशे सत्तेचाळिसावी ओळ. वैरागच्या पुढचा पत्ता, म्हणजे आमच्याच भागातला, म्हणून त्याला मी जास्तच प्रयत्न करून फोन लावला होता. नऊ वेळा. नऊही वेळा रिंग वाजून वाजून थांबली. त्याची ओळ मी रिकामी पाठवली होती.

मग हे सात लाख वीस हजार यांना कुणी सांगितले?

तृप्तीला मी काही बोलले नाही. ओवीचं अंग तेवढ्यात गरम लागलं म्हणून थर्मामीटर शोधत राहिले. ताप नव्हता. दुपारी कॉलेजातल्या देशमाने सरांना फोन केला. तक्त्याचं काम तेच बघायचे. बोलणं फार गोड. मी विचारलं, विभुतेचा आकडा कुठून आला. ते म्हणाले, त्याला कॅम्पसमध्ये पत्र मिळालं होतं, त्यावर लिहिलेला आहे. तो कामावर हजर झाला का, असं विचारलं तर म्हणाले, तो आमचा विषय नाही, आमचा विषय पत्रापर्यंत.

“आणि सर, ते एकशे एकोणपन्नास जण? ज्यांनी उचललेच नाहीत?”

“मॅडम, रिकाम्या रकान्याला सरासरीत जागा नसते. तुम्ही तर संख्याशास्त्राच्या.”

“पण ते कुठे आहेत हे माहीत नसताना—”

“फोन उचलत नाहीत म्हणजे कामात आहेत. कामात आहेत म्हणजे नोकरीत आहेत.” ते हसले. “पुढच्या बॅचला ओळीमागे तीस रुपये करून देतो तुम्हाला. काम फार स्वच्छ आहे तुमचं.”

फोन ठेवला. स्वच्छ काम. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात नमुना निवडीचा अख्खा पेपर लिहिलाय. उत्तर न देणाऱ्यांना वगळलं की निष्कर्ष कसा वाकतो यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो. मला त्यात नऊ मिळाले होते. आणि वीस रुपयांच्या ओळीपुढे ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

संध्याकाळी आत्याबाई गावाहून आल्या. महिन्याची वजनं झाली होती, टांगता काटा पिशवीत होता. हातपाय धुऊन त्यांनी तो घरातल्या आढ्याला अडकवला, खाली कापडाची झोळी लावली.

“आण गं ओवीला. गेल्या महिन्यात राहिलीय ती.”

मी म्हणाले, आत्ताच झोपलीय. त्या म्हणाल्या, खेळतीय की. मी म्हणाले, उद्या बघू, आज पोट बिघडलंय. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या.

“का आणत न्हाईस ते सांगू?” त्या हळूच म्हणाल्या. “तुला वाटतंय वजन कमी भरंल.”

मला रडू आलं. खरं होतं. ओवी दूध नीट घेत नव्हती, दंड बारीक दिसायला लागले होते, आणि मी गेल्या महिन्यात मुद्दाम माहेरी जायचा दिवस वजनाच्या दिवशी काढला होता. काट्याने सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. न सांगितलं तर निदान रात्री झोप तरी.

“अगं, सगळ्याच आया तशा,” आत्याबाई म्हणाल्या. “गुबगुबीत पोरगं असलं की बाई स्वतः घिऊन येती. दोनदोनदा वजन करती, शेजारणीला दाखवती. जिचं पोर सुकलंय ती येत न्हाई. आजारी हाय म्हणती, मामाच्या गावाला गेलंय म्हणती. पयल्या वर्षी मी आलेल्या पोरांचंच लिहिलं. वर पाठवलं. मुख्यसेविकाबाई म्हणाल्या, झकास, एक बी कुपोषित न्हाई. आणि पुढल्या महिन्यात रामोशी वस्तीवरचं एक पोर गेलं. मला त्याचं नाव बी आठवत नव्हतं, कारण ते कधी काट्यावर आलंच नव्हतं.” त्यांनी ओवीला उचलून झोळीत ठेवलं. “तवापास्नं नेम केला. जे पोर वजनाला येत न्हाई, त्याच्या घरी आधी जायचं.”

काटा हलला, थांबला. सहा किलो शंभर. कमी होतं, पण लाल रेषेच्या वर होतं. आत्याबाईंनी वहीत लिहिलं आणि वरण घोटून द्यायला सुरू कर म्हणून सांगितलं. एवढंच. जग बुडालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजचं सिमकार्ड काढून ठेवलं आणि माझ्या स्वतःच्या नंबरवरून रिकाम्या ओळी लावायला सुरुवात केली.

त्यांनी उचलले.

आधी मला समजेना. तीच मुलं, तेच नंबर. मग एका मुलानेच सांगितलं. तो नंबर आम्ही सगळ्यांनी ‘कॉलेज, उचलू नको’ म्हणून सेव्ह केलाय ताई, म्हणाला. दर दोन महिन्यांनी फोन करून विचारतात पॅकेज किती, आणि नाही म्हटलं की काहीतरी लिहून द्या म्हणतात. तो मोबाईलच्या दुकानात होता. बारा हजार. पुढची मुलगी कॉल सेंटरला, पंधरा. एक जण गावी परत येऊन चुलत्याच्या खताच्या दुकानात बसलेला. एकाने विचारलं, ताई, कुठल्या महिन्याचा पगार सांगू, कारण तीन महिने झालेच नाहीत. एक मुलगी त्याच कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत मदतनीस होती, नऊ हजारांवर. “माझं प्लेसमेंट झालंय की,” ती म्हणाली, “त्यांच्या यादीत मी आहे.” असं म्हणून ती हसली. तसलं हसू मला ऐकवेना.

सुहास विभुतेचा पत्ता तिनेच सांगितला. म्हणजे नसलेला पत्ता. त्याला पत्र मिळालं, व्यासपीठावर फोटो झाला. मग कंपनीने रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे ढकलली, आणि चौथ्यांदा त्यांनी मेलला उत्तर देणंच बंद केलं. पण तोवर गावाकडच्या मित्रांनी वेशीवर फ्लेक्स लावला होता. ती म्हणाली, तो आधी आमच्याशी बोलायचा, आता नाही. दिवसा एका मॉलमध्ये असतो आणि तिथून सुटला की मालाच्या गोदामात, असं कुणीतरी सांगत होतं.

शुक्रवारपर्यंत बासष्ट रिकाम्या ओळी मी भरल्या. एकवीस जणांना कामच नव्हतं. काम असलेल्या एक्केचाळिसांचे पगार चढत्या क्रमाने लावले. मधोमध आलेला आकडा सतरा हजार.

हप्ता अठरा हजार तीनशे.

मी वही तृप्तीसमोर ठेवली. ती बँकेची कागदपत्रं फाईलला लावत होती. तिने सगळी वही वाचली, एकेक ओळ, आणि मिटून माझ्याकडे सरकवली.

“आता सांगताय?”

“आत्ताच कळलं मला.”

“आठवडाभर जेवताना कोण सांगत होतं, साडेअकरा लाख, गाडी घेतली? मी नाही गेले विचारायला, वहिनी. तुम्ही घरात आणलं हे.” तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. “आणि हे बासष्ट म्हणजे कच्चे असतील. मी पहिली येते वर्गात. मी त्या एक्क्याण्णवमध्ये जाईन.”

“त्या सगळ्यांना तसंच वाटलं असणार.”

“तुम्हाला काय वाटतं ते नका सांगू. तुम्ही संख्याशास्त्र शिकून काय केलंत? वरण घोटताय.”

ओवी पाळण्यात होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण तृप्तीकडे बघितलं असतं तर काहीतरी बोलून बसले असते. रागाचे दोन घास गिळले. ती खोटं कुठे बोलत होती?

“सुहास विभुते,” मी म्हणाले. “माहितीपुस्तकातला तिसरा फोटो. तो तुझ्या हिशोबाने कच्चा नाही. त्याला आपण दोघी मिळून फोन लावू. तो म्हणाला जा, तर सोमवारी मी स्वतः येते बँकेत.”

तिने खुर्ची ओढली. त्याचा नंबर लावला तर आता तो बंदच होता. तक्त्यात दुसरा रकाना पालकांच्या नंबराचा. तो लावला, आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला.

मागे पिठाच्या गिरणीचा घरघराट. एक वयस्कर माणूस ओरडून म्हणाला, थांबा, पट्टा काढतो. घरघर थांबली. मी सांगितलं, कॉलेजच्या कामाने बोलतेय, सुहासबद्दल.

“कॉलेजातनं व्हय? बोला की मॅडम.” आवाजात एकदम उजेड आला. “त्याचा फोटो छापलाय म्हणं तुमी. हितं बी हाय फ्लेक्स वेशीवर. ‘आमच्या गावची शान’, आन् खाली पॅकेज. पावसानं जरा फाटलाय कोपऱ्याला, पण हाय.”

मी विचारलं, सुहास घरी कधी आला होता.

“फ्लेक्स लावल्यापास्नं न्हाई आला. काम लई आस्तंय. कंपनी सोडत न्हाई.”

“फोन करतो?”

“कवातरी. नंबर बदलत्यात सारखे. कंपनीचे आस्त्यात म्हणं. ‘बरा हाय, मीटिंग हाय’ म्हणतो आन् ठिवतो.”

मला पुढे विचारवेना. तृप्ती फोनकडे वाकली.

“काका, मग तो बरा आहे हे तुम्हाला कसं कळतं?”

“मेसेज येतोय की बँकेचा, माज्या मोबाईलवर. कर्जावर माजी बी सही हाय न्हवं. जानेवारीपास्नं एक बी चुकला न्हाई. पाच तारीख आली की सतरा हजार नऊशे जमा.” ते थांबले. “हप्ता जातोय म्हंजी पोरगं बरंच आसणार की.”

“घरी काही पाठवतो का?”

“आमाला काय करायचंय, बाळ. हप्ता भरतोय ह्येच लई.”

 पलीकडून ते दोनदा हॅलो हॅलो म्हणाले. मी कसंबसं म्हटलं, काका, एकदा पुण्याला जाऊन त्याला बघून या. ते म्हणाले, बघतो, पण गिरणी कुणावर सोडायची, आणि मेसेज येतोय की.

खरं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तृप्तीने फाईल उघडली, आईच्या जागेचा उतारा काढला आणि आत जाऊन आत्याबाईंच्या पेटीत ठेवून आली. माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही. धरून ठेवलेल्या जागेचे पंचवीस हजार कॉलेजने परत दिले नाहीत. नियमात बसत नाही म्हणाले. मी देशमाने सरांना भरलेल्या बासष्ट ओळी पाठवल्या, सोबत लिहिलं की आता सरासरी पुन्हा काढा. त्यांनी उत्तर पाठवलं की मुदत संपल्यानंतरची माहिती ग्राह्य धरता येत नाही. आणि त्या बासष्ट ओळींचे पैसे मिळणार नाहीत. मी मागितलेच नव्हते. पुढच्या वर्षीचं माहितीपुस्तक मी एका ओळखीच्या मुलीकडे पाहिलं. तेच पान, तीच सरासरी. ‘९१ प्रतिसादांवर आधारित’ ही ओळ मात्र काढून टाकलेली. शिक्षण खात्याकडे, तंत्रशिक्षण मंडळाकडे, आणखी दोन ठिकाणी तक्रारी केल्या. एका ठिकाणाहून पोच आली, ती जपून ठेवलीय.

तृप्तीने सोलापूरला विद्यापीठात तोच विषय केला. दोन वर्षांची फी मिळून बहात्तर हजार. पहिली नोकरी एकोणीस हजारांची, पण एकोणीसच्या एकोणीस तिचे. आता ती दवाखान्यांसाठी नोंदींची सिस्टीम बनवते. मागच्या दिवाळीत मला दाखवत होती. तिच्या फॉर्ममध्ये एकही रकाना रिकामा सोडून पुढे जाता येत नाही. ‘आले नाही’ असं दाबलं की लगेच विचारतो, घरी कोण गेलं होतं आणि कधी. आत्याबाईंनी चष्मा लावून ते बघितलं आणि म्हणाल्या, आता कसं.

सुहासच्या वडिलांना मी त्याच श्रावणात खरं सांगितलं.  ते गिरणी बंद ठेवून पुण्याला गेले. खोली सापडली, सुहास नव्हता. सोबतच्या मुलांनी सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी सोडून गेला, कुठे ते सांगितलं नाही. ते नंतर आणखी दोनदा गेले. पोलिसांत गेले, तर तिथे म्हणाले, सज्ञान आहे, कर्ज फेडतोय, हरवला कसा म्हणायचा?

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी मी त्यांना फोन करते. आला का मेसेज? आला. बरं. इतकंच बोलणं. टाळेबंदीच्या दिवसांत एकदा बारा तारखेपर्यंत आला नव्हता. ते सात दिवस मी कसे काढले ते ओवीच्या बाबांना विचारा. पूर्वी तो दिवाळीला तरी आवाज द्यायचा. गेली तीन वर्षं तोही नाही. मेसेज तेवढा येतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगते. कर्ज सात वर्षांचं होतं. येत्या पाच डिसेंबरला शेवटचा हप्ता. त्यानंतर बँक त्या म्हाताऱ्याला काहीच कळवणार नाही. परवा ते मला म्हणाले, “मॅडम, लोक कर्ज फिटलं की पेढे वाटत्यात. मला भ्या वाटतंय.”

सुहास आता तिशीचा असेल. सावळा, दाट केस, बोलण्यात वैरागकडचा हेल. पुण्यात किंवा जवळपास, दोन ठिकाणी राबणारा, सणाला गावी न जाणारा, फोन आला की मीटिंग आहे म्हणून ठेवून देणारा असा कुणी तुमच्या इमारतीत, गोदामात, खानावळीत दिसला, तर नाव विचारा. तो नसला तरी विचारा. तसे एकशे एकोणपन्नास होते, आणि त्यातल्या सत्त्याऐंशी ओळी माझ्या वहीत अजून रिकाम्या आहेत.

आणि तोच निघाला, तर त्याला पगार विचारू नका. जेवलास का विचारा. आणि सांगा की वेशीवरचा फ्लेक्स वडिलांनी स्वतः शिडी लावून काढलाय. आता तिथे नुसते दोन बांबू आहेत. मधून कुणालाही घरी जाता येतं.